नवं घर, गळकी खिडकी

चहाचे कप टेबलावर टेकले आणि टेबलाने मान टाकली. "धरा, धरा!" म्हणेपर्यंत दोन कप थोरल्याच्या मांडीवर रिकामे झाले होते. तो दचकून उठायला गेला तर वरच्या कपाटाचं उघडं दार त्याच्या डोक्यात बसलं. त्याला हसायला म्हणून बारकी मागे रेलली, तर गादीच्या ओल्या कोपऱ्यावर तिची पाठ टेकली. अंगणातल्या नव्या ट्रेलरने, म्हणजे फिरत्या घराने, दोन्ही भावंडांचं असं यथासांग स्वागत केलं.

"ही बैठक घरात घेतली असती तर काय बिघडलं असतं?" थोरल्याने पँट झटकत विचारलं.

"हेही घरच आहे," माई म्हणाल्या. "ज्याचा निकाल लावायचा त्याच्यासमोर लावावा. पाठीमागे बोलणं मला आवडत नाही."

अण्णा खाली वाकले, टेबलाचा मुडपलेला पाय सरळ केला, खाली लाकडाची चकती सरकवली आणि पुन्हा जागेवर येऊन बसले. टेबलाला हात लावायची हिंमत मग कोणी केली नाही. सगळे आपापले कप छातीशी धरून बसले.

निकाल आजच लागायचा होता. ट्रेलर अंगणात येऊन महिनाही झाला नव्हता आणि तेवढ्यात त्याने घरातल्या प्रत्येकाला कामाला लावलं होतं. आधी छताच्या झरोक्यातून पाणी आलं. ते थांबलं तर गरम पाण्याच्या नळातून गार आणि गारमधून गरम यायला लागलं. ते सरळ झालं तर खिडकी गळायला लागली. दार मात्र पहिल्या दिवसापासून आपल्या मर्जीने उघडत होतं, मर्जीने बंद होत होतं. शेवटी विकणारा शोरूमवाला टेकीला आला. आज त्याचा मेकॅनिक येणार होता. सगळं ठाकठीक आहे असं अण्णा म्हणाले तर ट्रेलर राहणार, नाहीतर तो आपल्या गाडीला जोडून घेऊन जाणार आणि विषय संपणार. या मेकॅनिकचं घरातलं नाव सोमवारवाला. फोन केला की "सोमवारी येतो" म्हणायचा आणि ते कुठल्या सोमवारी हे मोघम ठेवायचा. तो आज रविवारी येतोय म्हणजे ट्रेलर न्यायलाच येतोय, असं बारकीचं ठाम मत होतं.

माईंना हा ट्रेलर हवा होता. त्याच्या नळासकट, दारासकट, या मेल्या टेबलासकट हवा होता.

त्याला कारण होतं एक तळं. अण्णा इंजिन ड्रायव्हर. नोकरीभर त्यांनी देश पाहिला तो इंजिनाच्या पुढच्या काचेतून, आणि माईंनी पाहिला तो त्यांचा डबा घासता घासता. अण्णा ड्यूटीवरून आले की बुटाच्या नाड्या सोडताना सांगायचे, आज तळ्यावर धुकं होतं. आज तळ्यावर बगळे उतरले होते. आज कोणीतरी काठावर चूल मांडून बसलं होतं. रुळाच्या अगदी कडेला होतं ते तळं. पण तिथे स्टेशन नव्हतं, सिग्नल नव्हता, त्यामुळे गाडी तिथे कधी थांबली नाही. "रिटायर झालो की तुला नेतो तिथे," अण्णा म्हणायचे. "चटई टाकू आणि जाणाऱ्या गाड्या बघू." मग रिटायर झाले. मग गुडघा दुखला, मग थोरल्याच्या घराचं काम निघालं, मग आणखी काही. या वर्षी मात्र स्वतः अण्णांनीच ट्रेलर बघितला, स्वतःच बुक केला आणि माईंना शोरूममध्ये नेऊन एखाद्या नव्या नवऱ्यासारखे लाजत म्हणाले, "हे घे. जिथे थांबावंसं वाटेल तिथे थांबू."

त्याच माणसाला आता तो परत करावासा वाटत होता की काय, हे माईंना कळत नव्हतं, आणि न कळण्याचाच त्यांना जास्त त्रास होत होता.

"हे बघ माई," थोरल्याने मोबाइल पुढे केला. तो विमा कंपनीसाठी अपघात झालेल्या गाड्या तपासायचा. जिवंत गाडीकडेही तो पंचनाम्याच्या नजरेनेच बघायचा. "हा छताचा फोटो, हा नळाचा, ही गादी. नवीकोरी गाडी आहे ही! मी रोज चेपलेली वाहनं बघतो. त्यातल्या निम्म्यांची सुरुवात अशीच झालेली असते. एक छोटी गोष्ट बिघडते, माणूस म्हणतो चालतंय."

"दादा, गादी ओली झाली म्हणून कुणाचा अपघात होत नाही," बारकी म्हणाली. "सर्दी होते." ती स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल चालवायची आणि दिवसभर अनोळखी लोकांच्या शेजारी बसून जीव मुठीत धरायची. त्यामुळे किरकोळ गोष्टींना ती घाबरत नसे. "माझ्याकडे पहिल्या दिवशी येणाऱ्यांना क्लच कुठला तेही कळत नाही. म्हणून मी त्यांना परत पाठवते?"

"माणूस आणि गाडी यात फरक असतो."

"असतो ना. गाडी ऐकते."

सूनबाईंनी दोघांच्या मध्ये हात घातला. त्या दातांच्या डॉक्टर. आवाज मऊ, पण त्या मऊ आवाजात दाढ काढायची की ठेवायची हे ठरून गेलेलं असायचं. "माई, मला तुमचं मन मोडायचं नाहीये. पण मागच्या आठवड्यात मी स्वतः पूर्ण दुपार घालवून या गाडीचं एकेक भोक बघितलं. जिथे फट दिसली तिथे भरली. तरी आता खिडकी गळायला लागलीय. म्हणजे आतूनच किडलेली असणार. अशी दाढ ठेवून उपयोग नसतो."

"ऐकलंस?" थोरला बारकीला म्हणाला. "डॉक्टर म्हणतेय."

"दोन विरुद्ध दोन," बारकीने बोटं मोडली. "अण्णा, तुम्ही बोला."

सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी कपातला तळ बघितला. "माझं काय," ते म्हणाले. "माईची इच्छा तीच माझी. पण दिवे लागत नाहीत ना."

हे दिवे म्हणजे ट्रेलरच्या मागचे दिवे. जीपला ट्रेलर जोडला, वायरीचा प्लग बसवला की ते लागायला हवेत. सोमवारवाल्याने दोनदा येऊन ते लावून दाखवले होते आणि दोन्हीदा दुसऱ्या दिवशी ते गेले होते. दिव्यांशिवाय रस्त्यावर जायची सोय नाही, हे थोरल्याने पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

"दिव्यांचं काय ते तो बघेल," माई म्हणाल्या. त्यांना एकदम राग आला. कशाचा ते त्यांनाही धड सांगता आलं नसतं. "तोवर मी खिडकीचं बघते. बारके, तू आत बस. पाणी आलं की ओरड."

त्या खाली उतरल्या आणि बागेचा पाइप ओढत घेऊन आल्या. दार त्यांच्या मागे आपलं आपण उघडलं. माईंनी ते लावलं. ते पुन्हा उघडलं. "राहा उघडं," माई त्याला म्हणाल्या.

फिरतं घर तोंड घराकडे करून अंगणात उभं होतं, नाकासमोर जीप लावलेली. शोरूमवाल्याच्या माणसाने ते जीपला जोडून सरळ आत आणून सोडलं होतं आणि तेव्हापासून ते जागचं हललेलं माईंनी पाहिलं नव्हतं. मागे फाटक, आणि फाटकाचा डावा खांब कलता. तो दूधवाल्याच्या टेम्पोने पाडला असं अण्णांनी सांगितलं होतं, आणि माईंनी चार दिवस दूधवाल्याला फैलावर घेतलं होतं. बिचारा रोज नाही म्हणायचा.

माईंनी आधी छतावर पाणी सोडलं. "कोरडं!" बारकी आतून ओरडली. मग खिडकीच्या वर. "कोरडं!" मग काचेवर. थोडा वेळ काहीच झालं नाही, आणि मग, "आलं, आलं! माई, बंद कर, माझा दुपट्टा!"

माईंनी पाइप टाकला आणि खिडकीच्या चौकटीला नाक लावलं. चौकटीच्या खालच्या कडेला, बाहेरच्या बाजूने, पांढरे ठिपके होते. एका ओळीत, सारख्या अंतरावर, गुळगुळीत. इतकं सुबक काम शोरूमवाल्याचं असणं शक्यच नव्हतं.

"सूनबाई," त्यांनी हाक मारली. "जरा इकडे या. हे कुणी भरलं?"

सूनबाई आल्या, वाकल्या आणि खुलल्या. "मीच! छान बसलंय ना? दोन थर दिलेत. आधी स्वच्छ केलं, वाळवलं, मग भरलं. सगळ्या खिडक्यांचं केलंय."

"ही भोकं का होती?"

"म्हणजे?"

"चौकटीत पाणी शिरणारच. शिरलेलं पाणी बाहेर कुठून जायचं?" माईंनी शेजारच्या कुंडीकडे बोट दाखवलं. "त्या कुंडीला खाली भोक का असतं?"

सूनबाईंनी कुंडीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, पुन्हा कुंडीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. "अगं बाई," त्या म्हणाल्या. "आणि मी ती बुजवली."

"बुजवलीत."

"माई, दिसलं भोक की माझा हात आपोआप जातो हो."

बारकी खिडकीतून डोकं काढून ऐकत होती. तिने तोंडात ओला दुपट्टा कोंबला. सूनबाई मात्र हसण्यावारी नेणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या तरातरा आपल्या गाडीकडे गेल्या आणि दात कोरायची आकडी घेऊन आल्या. पहिला पांढरा ठिपका त्यांनी एका झटक्यात उपटला. आत साचलेल्या पाण्याची धार निघाली ती थेट त्यांच्या चपलांवर. दुसरा उपटला, तिसरा उपटला. चौकट रिकामी होईपर्यंत त्या तिथेच, त्याच पाण्यात उभ्या राहिल्या.

"आता टाका पाणी," त्या म्हणाल्या.

माईंनी पाइप धरला. पाणी काचेवरून चौकटीत उतरलं, भोकांतून बाहेर ओघळलं. "कोरडं!" बारकी ओरडली. "वहिनी, ठणठणीत कोरडं!"

"माझं मत बदललं," सूनबाईंनी नवऱ्याला सांगितलं. "ठेवायचा."

"अगं, आताच तू म्हणालीस किडलेली दाढ!"

"निदान चुकलं. चांगल्या दाढेत मीच पू कोंडला होता. चूक माझी आणि काढून टाकायचं गाडीला, हे मला नाही पटत."

"तू नक्की कुणाच्या बाजूने आहेस?"

"खिडकीच्या," सूनबाई म्हणाल्या आणि पुढच्या खिडकीकडे वळल्या.

माईंना त्यांची पाठ थोपटावीशी वाटली. इतक्या वर्षांत सूनबाईंनी आपलं चुकलं म्हणून आज पहिल्यांदाच सांगितलं होतं, आणि तेही सगळ्यांदेखत. थोपटायला हात ओले होते म्हणून त्यांनी नुसतं म्हटलं, "चपला उन्हात ठेवा."

थोरला एकटा पडला. तो पायरीवर बसला आणि त्याने मोबाइल खिशात घातला. माई त्याच्या शेजारी टेकल्या.

"बोल," त्या म्हणाल्या. "पंचनामा पुरे. मनातलं बोल."

"मी ऑफिसातून जाताना मुद्दाम या गल्लीतून जातो," तो म्हणाला. "दिवा दिसतो. आत येतोच असं नाही. पण दिसतो. तुम्ही निघालात की घर बंद दिसणार."

"एवढ्या मोठ्या मुलाने असं बोलावं?"

"नाही बोललो मग."

"बोललास ते बरं केलंस." माईंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "किल्ली तुझ्याकडे ठेवून जाते. येत जा, तूच लाव दिवा. आणि आम्ही काही कायमचे चाललो नाही. तळ्यापर्यंत जाऊ, चहा पिऊ, परत येऊ."

तेवढ्यात सोमवारवाला आला. त्याची मोठी गाडी गल्लीत उभी राहिली, मागे ट्रेलर जोडायचा हूक चकचकत होता. गडी बोलका होता. फाटकातूनच त्याने सुरुवात केली. "मागच्या सोमवारीच येणार होतो, पण गाडीच निघेना! काय म्हणतंय आमचं लेकरू? गिऱ्हाइकं काय काय करतात साहेब, विचारू नका. परवा एकाने गॅसच्या नळीला पाण्याचा नळ जोडला. हे काय, खांब कुणी पाडला?"

"दूधवाल्याने," अण्णा पटकन म्हणाले.

सोमवारवाल्याने दाराखाली पाचर ठोकली, ट्रेलर एका बाजूने जरासा उचलला आणि दार शहाण्यासारखं बंद झालं. टेबलाच्या पायाला त्याने नवी खीळ घातली. खिडकीची हकिकत ऐकून तो इतका हसला की सूनबाईंनी त्याला, खालची उजवी दाढ दाखवून घ्या, असं सांगितलं. मग तो जीपकडे गेला. ट्रेलर जोडलेलाच होता. त्याने किल्ली फिरवली. मागे दिवे लागले नाहीत.

"बघा," अण्णा म्हणाले. "मी म्हणत होतो."

सोमवारवाल्याने जीपच्या पुढच्या भागातली काळी डबी उघडली आणि तो पहिल्यांदाच गप्प झाला. मग म्हणाला, "फ्यूज कुठाय? इथे फ्यूजच नाहीये. मी स्वतः बसवला होता, निळा. दोन्ही वेळा. असा आपोआप जात नाही हो तो. कुणीतरी काढल्याशिवाय..."

माईंचं लक्ष अण्णांकडे होतं. अण्णांचा उजवा हात शर्टाच्या खिशाकडे गेला, खिसा चाचपून खाली आला. मग ते "पाणी आणतो" म्हणाले आणि घराच्या मागच्या बाजूला निघून गेले. पाण्याची बाटली तिथेच, बोनेटवर होती.

माई त्यांच्यामागे गेल्या.

मागच्या अंगणात कपडे वाळत होते. त्यातच ट्रेलरचा हिरवा पडदा होता, माईंनीच शिवलेला, रात्री खिडकीच्या पाण्याने भिजलेला. अण्णा त्या पडद्याआड उभे होते, चोर उभा राहतो तसे.

"खिशात काय आहे?" माईंनी विचारलं.

"कुठे काय."

माईंनी हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. अण्णांनी खिशातून निळा फ्यूज काढला आणि त्यांच्या तळव्यावर ठेवला. नखाएवढी वस्तू. तिच्यापायी एवढं रामायण झालं होतं.

"तुम्हाला माझ्याबरोबर यायचं नाहीये," माई म्हणाल्या. आवाज कापला तो त्यांनी कापू दिला. "तसं सांगायचं होतं. मी काही ओढून नेणार नव्हते. आयुष्यभर एकटी राहिलेच की. पण मला तळं दाखवायचं, ट्रेलर दाखवायचा, आणि मग चोरून त्याचा फ्यूज काढायचा? असं कुणी करतं का?"

"अगं, यायचं नाही असं कोण म्हणालं?" अण्णा खरंच दचकले होते. "मला यायचंय. मला... हळू बोल, पोरं ऐकतील."

"ऐकू देत."

अण्णांनी पडद्याची किनार चिमटीत धरली. "मला तो मागे घेता येत नाही," ते म्हणाले.

"काय?"

"ट्रेलर. पुढे नेईन मी कुठेही. पण मागे घेता येत नाही. तू त्या दिवशी बारकीकडे गेली होतीस तेव्हा फाटकाबाहेर काढायला बघितला. म्हटलं, सराव करू. उजवीकडे वळवलं की तो डावीकडे जातो. डावीकडे वळवलं की... अगं, मी एवढी मोठी मालगाडी चालवली. पण रुळावर मागे घ्यायची म्हणजे ती मागेच जाते. कुठे जायचं ते रूळ ठरवतो. इंजिनाला स्टिअरिंग नसतं." त्यांनी मान खाली घातली. "तो खांब दूधवाल्याने नाही पाडला."

माईंच्या डोळ्यांसमोर दूधवाल्याचा चेहरा उभा राहिला. "अरे देवा! त्या बिचाऱ्याला मी काय काय बोलले!"

"मी त्याला नंतर गाठून माफी मागितली. त्याने कुणाला सांगायचं नाही असं ठरलंय."

"म्हणजे दूधवाल्याला माहीत आहे आणि मला नाही?"

"तुला कसं सांगू?" अण्णा म्हणाले. "तू सगळ्यांना सांगत आलीस, आमचे हे एवढी गाडी चालवतात. बाजारात सांगायचीस, शाळेत सांगायचीस. कुठेतरी आडरस्त्याला अडकलो, मागे घेता आलं नाही, आणि तू शेजारी बसून बघितलंस तर? म्हटलं, दिवे नाहीत तोवर निघायला नको. तोवर शिकू. पण शिकायला तरी कुठे जाऊ? अंगणातून काढायचा म्हणजेच मागे घ्यायचा."

माईंना हसू आलं आणि रडूही आलं, आणि कुठलं आधी येऊ द्यावं हे न कळून त्यांनी पदर तोंडाला लावला. त्यांना अण्णांना चांगलं झापायचं होतं. पण झापायला तोंड कुठे होतं? गेले पंधरा दिवस "बारकीबरोबर फिरायला जाते" म्हणून त्या रोज संध्याकाळी घराबाहेर पडत होत्या आणि शीतगृहामागच्या मोकळ्या मैदानात गाडी शिकत होत्या. गाडी चालवण्याचा परवाना त्यांनी कधीच्या काळी काढून कपाटात ठेवला होता. बारकीने तो धूळ झटकून बाहेर काढला आणि खुर्च्या भाड्याने देणाऱ्या एका ओळखीच्या माणसाची छोटी ट्रॉली मागे जोडून दिली. पुढे जायला माईंना अजून भीती वाटायची, कारण पुढे लोक असतात. मागे घ्यायला मात्र त्यांना जमायला लागलं होतं. अण्णांना सांगितलं नव्हतं. ड्रायव्हरच्या बायकोने गाडी शिकली म्हणजे त्यांना काय वाटेल, असं वाटून त्या गप्प बसल्या होत्या. वाटेत कधी थकले तर सांगू, असा बेत होता.

"चला," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"बाहेर. आणि तो पडदा वाळलाय, तेवढा काढून आणा."

बाहेर सगळे जीपभोवती उभे होते. माईंनी फ्यूज सोमवारवाल्याच्या हातात दिला. "सापडला," त्या म्हणाल्या.

"कुठे होता?"

"होता पडलेला."

"पडलेला नव्हता," मागून अण्णा म्हणाले. हिरवा पडदा त्यांच्या खांद्यावर होता आणि कान लाल झाले होते. "माझ्या खिशात होता. मीच काढायचो. आणि खांबही मीच पाडला. मला ट्रेलर मागे घेता येत नाही. झालं? आता हसा."

कुणी हसलं नाही. बारकीने माईंकडे पाहिलं, माईंनी बारकीकडे. थोरल्याने बापाकडे असं पाहिलं की जणू आज ओळख झाली.

"मग फिरतं घर तर ठीकच आहे," सोमवारवाला म्हणाला. फ्यूज बसला होता, मागचे दिवे लाल लागले होते. "पण साहेब, मागे घेता येत नसेल तर... नेऊ का मी?"

"बरोबर आहे," थोरला म्हणाला, पण त्याच्या आवाजात आता जोर नव्हता. "अंगणातूनच निघणार नाही. मागे कोण घेणार?"

माईंनी अण्णांसमोर हात धरला. आज दुसऱ्यांदा. "किल्ली द्या."

अण्णांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी बारकीकडे पाहिलं, तिने खांदे उडवले. त्यांनी माईंच्या हाताकडे पाहिलं. तळव्यावर नवे घट्टे होते. रोज दिसत होते ते. त्यांना वाटलं होतं, बागकामाचे असतील.

"तू?" ते म्हणाले.

"तुम्हीच एकटे लपवालपवी करता वाटतं?"

माई जीपमध्ये चढल्या. सीट पुढे घेतली, आरसा वळवला. बारकी खिडकीपाशी आली आणि हळूच म्हणाली, "स्टिअरिंगला हात खालच्या बाजूला धर माई. हात जिकडे, घर तिकडे."

"माहीत आहे. बाजूला हो."

अण्णा मध्येच उभे होते. आयुष्यभर त्यांची जागा इंजिनात होती, आज तिथे दुसरं कोणी बसलं होतं, आणि बाहेर कुठे उभं राहायचं हे त्यांना सुचेना. मग ते चालत मागे गेले, फाटकाच्या बाहेर, गल्लीत. दोन्ही बाजूंना पाहिलं. इतकी वर्षं ते गाडी सोडण्याआधी मान वळवून मागे बघायचे, गार्डाच्या हिरव्या झेंड्यासाठी. खांद्यावरचा पडदा त्यांनी हातात घेतला, तो झटकला आणि उंच धरून हलवला. तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली.

माईंना आरशात हिरवं दिसलं. त्यांनी हात खाली धरला आणि ब्रेक सोडला.

पहिल्या वेळी ट्रेलर कलत्या खांबाकडे झुकला. थोरला "माई!" म्हणून ओरडला आणि खांबाला मिठी मारून उभा राहिला. माईंनी गाडी पुढे घेतली, श्वास घेतला, पुन्हा मागे. या वेळी हात थोडाच हलवला. घर वळलं. अगदी सावकाश, आळस देत उठल्यासारखं, ते फाटकातून गल्लीत उतरलं. आत कुठेतरी धाडकन आवाज झाला.

"टेबल!" सूनबाई म्हणाल्या.

"पडू द्या!" माई खिडकीतून म्हणाल्या.

गल्लीत ट्रेलर सरळ झाला. सोमवारवाल्याने टाळ्या वाजवल्या आणि आपला चकचकीत हूक घेऊन आपली गाडी बाजूला लावली. माईंनी गिअर टाकला आणि घाबरत घाबरत जीप पुढे नेली, हात दोन हात, मग आणखी. मागचे लाल दिवे हलले. अण्णा झेंडा खाली करून बघतच राहिले, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की गाडी निघालीय आणि आपण खालीच आहोत.

"अगं थांब!" ते पडदा सावरत पळाले. "अगं, मला तर घे!"

माईंनी ब्रेक दाबला. अण्णा धापा टाकत शेजारी चढून बसले. जीपमध्ये त्या बाजूला ते आज पहिल्यांदाच बसले होते. पाय कुठे ठेवायचे हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला.

"कुठे चाललोय आपण?" त्यांनी विचारलं.

"आज कोपऱ्यापर्यंत," माई म्हणाल्या. त्यांच्या गालावरून पाणी येत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून अण्णांनी हिरव्या पडद्याच्या टोकाने ते पुसलं. "कोपऱ्यावर गाडी लावू, उतरू आणि टपरीवर चहा पिऊ. तुम्हाला आधी थांबायची सवय करायला हवी. तळं पुढच्या आठवड्यात."